स्फुरद पेरूनच का द्यावे? घरी करता येण्याजोगा प्रयोग

पदार्थाचे कण दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरतात, यास विसरण म्हणतात. स्फुरद मुळापर्यंत मुख्यतः याच मार्गाने पोचते.

शाळेत हा प्रयोग पेल्यातील पाण्यात दाखवितात. तो थोडा फसवा आहे. पाणी हलते, त्यामुळे रंग भराभर मिसळतो. त्याऐवजी चायना ग्रास पाण्यात उकळून बशीत थिजवावा. मधोमध पोटॅशियम परमँगनेटचा, म्हणजे विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधाचा, बारीक खडा चिमट्याने ठेवावा. (हाताला डाग पडतात. चायना ग्रास नंतर खाऊ नये.) तासाभराने जांभळे कडे मोजावे. ते जेमतेम काही मिलिमीटर सरकलेले दिसेल. दुप्पट अंतरास दुप्पट नव्हे, साधारण चौपट वेळ लागतो.

जमिनीत वेग याहूनही फार कमी. मातीच्या कणांभोवती पाण्याचा थर पातळ, वाट वळणाची. शिवाय काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी जखडले जाते. म्हणून हंगामभरात ते खताच्या दाण्यापासून काही मिलिमीटरच हलते. नत्राचे तसे नाही. नायट्रेट पाण्याबरोबर मुळाशी येते, म्हणून युरियाचा हप्ता उभ्या पिकास देता येतो.

सुपर फॉस्फेट वरून फोकल्यास वरच्या थरातच राहते. पावसाचा खंड पडून तो थर वाळला की विसरण जवळजवळ थांबते. कोरडवाहू ज्वारी, तुरीस संपूर्ण स्फुरद पेरणीबरोबरच, दोन चाड्यांच्या पाभरीने, बियाण्याखाली सुमारे ५ सें.मी. खोल पडेल असे द्यावे.