कोळशाची पेटी

सिल्वासात जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो. ओला कोळसा धुमसतो, घरभर धूर होऊन आयाबायांना खोकला लागतो. म्हणून पावसाआधी विटांची पेटी बांधावी, असे आम्ही सुचवितो.

जागा पडवीत, चुलीपासून दूर असावी. लांबी 3 फूट, रुंदी 2 फूट पुरे. तळ जमिनीपासून दोन विटा उंच व पुढे उतरता ठेवावा. खाली लहान दार केले की जुना कोळसा आधी निघतो. वर उतरते पत्र्याचे झाकण बसवावे.

विझवलेले निखारे पेटीत लगेच टाकू नयेत; आत ठिणगी जिवंत असते. ते झाकणाच्या डब्यात एक दिवस वेगळे ठेवावेत.

आणि बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कधीही झोपू नये. धूर दिसला नाही तरी कोळशाचा विषारी वायू झोपेतच प्राण घेतो. देवाने दिलेली लेकरे आपणच जपायची आहेत.