आदर्श व्यक्ती आणि वंचित विद्यार्थी : युरोपातील रोमा मुलांच्या शिक्षणापासून घ्यावयाचा बोध

वर्गातील एखादा मुलगा बुद्धीने कमी नसतो, हजेरीतही फारसा मागे नसतो; पण “पुढे कोण होणार ?” असे विचारताच तो खाली पाहतो. शिक्षक त्याला आळशी अथवा निरुत्साही समजतात. वस्तुतः त्या मुलाने आपल्या परीने एक अनुमान काढलेले असते. आपल्या वस्तीतील कोणीही शाळेच्या बळावर वर आलेला त्याने पाहिलेला नसतो. तेव्हा शाळा ही आपल्यासाठी नाही, हा त्याचा निष्कर्ष त्याच्या अनुभवाला धरूनच असतो. उपदेशाने असा निष्कर्ष बदलत नाही. त्यासाठी दुसरा पुरावा, म्हणजे जिवंत उदाहरण, त्याच्यासमोर यावे लागते. युरोपातील रोमा समाजाच्या मुलांसंबंधी या दिशेने जे प्रयत्न झाले, ते आपल्या ग्रामीण शिक्षकांनाही विचार करावयास लावतील असे आहेत.

रोमा कोण ?

ज्यांना पूर्वी ‘जिप्सी’ म्हणत, ते हे लोक. हे नाव त्यांपैकी पुष्कळांना अपमानास्पद वाटते. म्हणून ‘रोमा’ असेच म्हणणे योग्य. युरोपात त्यांची संख्या अंदाजे एक कोटी ते एक कोटी वीस लाख आहे. त्यांचे पूर्वज सुमारे एक हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’, दाताला ‘दांद’, माणसाला ‘मानुश’ आणि काळ्याला ‘कालो’ म्हणतात. मराठी शिक्षकाला या शब्दांचा अर्थ सांगावा लागू नये.

या समाजाचा इतिहास मात्र दुःखाचा आहे. आजच्या रुमानियातील मोल्डाविया व वालाकिया या प्रांतांत रोमांना गुलाम म्हणून ठेवीत. ही गुलामगिरी १८५५-५६ मध्ये संपली. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने लक्षावधी रोमांची हत्या केली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑशविट्झ-बिर्केनाऊच्या छावणीत उरलेल्या सुमारे ४,३०० रोमा स्त्रीपुरुषांना व मुलांना विषारी वायूने मारण्यात आले. पुढे ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ रोमांची पहिली जागतिक परिषद भरली. तिने स्वीकारलेल्या निळ्या-हिरव्या ध्वजावर मधोमध तांबडे चक्र आहे.

शाळेनेच लावलेली दारे

रोमा मुलांच्या मागासलेपणाचे कारण पुष्कळ काळ त्यांच्या घरात शोधले गेले. परंतु चेक प्रजासत्ताकातील ऑस्त्रावा शहरात वेगळेच चित्र दिसून आले. मंदबुद्धी मुलांसाठी चालविलेल्या खास शाळांत तेथील अर्ध्याहून अधिक रोमा मुले घालण्यात आली होती. इतर मुलांच्या तुलनेत रोमा मूल अशा शाळेत जाण्याचा संभव सत्तावीस पट होता, असे न्यायालयापुढे मांडलेल्या आकड्यांवरून दिसले. अठरा विद्यार्थ्यांच्या तक्रारीवर युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १३ नोव्हेंबर २००७ रोजी हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला. ज्या चाचण्यांच्या आधारे मुलांना मंद ठरविले, त्या चाचण्या करताना मुलांची भाषा व परिस्थिती लक्षात घेतलेली नव्हती.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, आदर्श व्यक्तींच्या कथा सांगून शाळेला स्वतःचे दोष झाकता येत नाहीत. दार बंद ठेवून आतून हाक मारण्यात काही अर्थ नाही. दार उघडल्यावर मात्र त्या हाकेला फार मोठे सामर्थ्य येते.

आदर्श कसा कार्य करतो ?

आदर्श व्यक्तीमुळे मुलाला तीन गोष्टी मिळतात. एक, अमुक गोष्ट आपल्यासारख्याला शक्य आहे हा विश्वास. दोन, ती कशी साधावयाची याची वाट. तीन, त्या वाटेने जावे अशी इच्छा. यांतील पहिली गोष्ट नसेल तर पुढील दोन व्यर्थ होत.

कॅनडातील दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयुक्त आहे. हिशेबशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना अंतिम वर्षातील एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याची हकीकत वाचावयास दिली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तिने हुरूप आला, कारण त्यांच्या हाती अजून वेळ होता. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना तसा हुरूप आला नाही. तात्पर्य, आदर्श कितीही थोर असला तरी तो आवाक्यातला वाटला पाहिजे.

आपल्या देशातील उदाहरणही बोलके आहे. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातील ४९५ गावांच्या पाहणीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांत सरपंचपद लागोपाठ दोनदा स्त्रियांसाठी राखीव होते, तेथे मुलींविषयीच्या आईबापांच्या व मुलींच्या स्वतःच्याही अपेक्षा वाढल्या आणि किशोरवयीन मुलामुलींच्या शिक्षणातील अंतर नाहीसे झाले. मुलींना रोजगाराच्या नव्या संधी मिळाल्या म्हणून हे घडले नव्हते. आपल्याच गावातील एक स्त्री कारभार पाहते, हे रोज दिसत होते.

कोणते आदर्श निवडावेत ?

रोमांमध्ये जगद्विख्यात माणसे पुष्कळ झाली. जँगो राइनहार्ट (१९१०-१९५३) याचा हात १९२८ मध्ये गाडीघराला लागलेल्या आगीत भाजला. डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली असतानाही तो गिटारवादनात अद्वितीय ठरला. ही कथा सांगण्यासारखी आहे खरी. परंतु रोमा मुलाला केवळ वादकांच्याच कथा सांगितल्या, तर “तुझी जागा गाण्याबजावण्यात, पुस्तकात नव्हे,” असेच त्याच्या मनावर ठसेल.

म्हणून स्वीडनमधील लेखिका कातारिना तायकोन (१९३२-१९९५) हिचे उदाहरण शिक्षकास अधिक मोलाचे वाटेल. रोमांच्या फिरत्या तळावर वाढल्यामुळे बालपणी तिला धड शाळा मिळाली नाही. पंचविशीच्या सुमारास ती लिहावयास-वाचावयास शिकली, १९६३ मध्ये तिचे पहिले पुस्तक निघाले, आणि १९६९ पासून ‘काटित्झी’ नावाच्या रोमा मुलीच्या गोष्टींची तिची पुस्तकमाला स्वीडनच्या घराघरांत पोहोचली. रोमांना घर व शाळा मिळावी म्हणूनही ती झगडली. या कथेत उशीर आहे, अडथळे आहेत आणि अक्षरांनी मिळविलेले बळही आहे.

याच्या उलट एक सावधगिरीची कथा पोलंडमधील कवयित्री पापुशा हिची. तिने मोठ्या हिकमतीने एका ज्यू दुकानदारीणीकडून वाचन शिकून घेतले. १९५० नंतर तिच्या कविता पोलिश भाषेत छापल्या गेल्या, तेव्हा तिने समाजाची गुपिते बाहेर फोडली असे मानून तिच्याच लोकांनी तिला वाळीत टाकले. १९८७ मध्ये ती वारली, तोपर्यंत तिचे आयुष्य बहुतांशी एकाकी गेले. शिकलेले मूल आपल्याला परके होईल ही भीती अनेक वंचित समाजांत असते आणि ती निराधार नसते. म्हणून आपल्या माणसांशी नाते टिकवून शिकलेली व्यक्ती हाच उत्तम आदर्श होय.

स्पेनमध्ये २०१० साली एका रोमा सेवासंस्थेने ‘मोठेपणी मला व्हायचे आहे’ या नावाची मोहीम काढली. तीत रोमा मुलांना, आपण मोठेपणी कोण होणार, हे स्वतःच्या तोंडाने सांगण्यास प्रोत्साहन दिले. अनेक देशांत रोमा समाजातीलच शिकलेल्या व्यक्तींना शाळा व घर यांमधील दुवा म्हणून नेमले जाते. अशी व्यक्ती मुलांना रोज दिसते, आईशी तिच्या भाषेत बोलते. एखाद्या प्रसिद्ध पाहुण्याच्या एका भाषणापेक्षा या सहवासाचे मोल अधिक आहे.

हंगेरीतील दोन शाळा

हंगेरीतील पेच शहरात १९९४ साली रोमा विद्यार्थ्यांसाठी माध्यमिक शाळा निघाली, तिला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. पुढे २००७ साली उत्तर हंगेरीतील शायोकाझा या गावी आणखी एक शाळा सुरू झाली. तिचे नाव डॉ. आंबेडकर शाळा. तिचे संस्थापक तिबोर देर्दाक व यानोश ओर्शोश यांनी बाबासाहेबांचे चरित्र वाचले, महाराष्ट्रात येऊन त्यांच्या अनुयायांची भेट घेतली आणि आपल्या भागात ‘जय भीम’ नावाचा समाज स्थापिला. शाळा अर्धवट सुटलेल्या रोमा तरुणांना शालान्त परीक्षेपर्यंत नेणे, हे त्या शाळेचे कार्य ठरले. वर्गाबाहेर बसविलेला एक मुलगा पुढे देशाच्या संविधानाचा शिल्पकार झाला, ही हकीकत हजारो मैलांवरच्या मुलांना आपली वाटली. आदर्श हा आपल्या जातीचा वा देशाचाच असावा लागतो असे नाही. त्याने सोसलेले दुःख ओळखीचे असावे लागते.

आपल्या शाळेत काय करावे ?

आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांतून १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावर ‘विमुक्त’ हा शब्द आला. त्यांची व इतर भटक्या समाजांची मुले आज आपल्याही वर्गांत आहेत. त्यांच्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. त्याच वस्तीतील किंवा शेजारच्या तालुक्यातील, दोन पावले पुढे गेलेली व्यक्ती शोधावी. दहावी झालेली मुलगी, एस. टी. चा वाहक, अंगणवाडी सेविका, परिचारिका यांपैकी कोणीही चालेल. ती एकदाच न येता वर्षातून तीन-चार वेळा यावी.

२. पाहुण्याने शिखराबरोबर पायऱ्याही सांगाव्यात. जातीचा दाखला कसा मिळविला, वसतिगृहात पहिली रात्र कशी गेली, गणितात नापास झाल्यावर काय केले, हे मुलांना ऐकू द्यावे. न्यूयॉर्कमधील शाळांत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शास्त्रज्ञांच्या अपयशाच्या व धडपडीच्या कथा वाचलेल्या विद्यार्थ्यांचे विज्ञानातील गुण सुधारले, ते याच कारणाने.

३. कार्यक्रम सर्व वर्गासाठी असावा. एकाच समाजाच्या मुलांना वेगळे बसवून उपदेश केल्यास त्यांना सन्मानाऐवजी लाज वाटेल. इतर मुलांच्या मनातील पूर्वग्रह जाण्यासही सर्वांनी ऐकणे आवश्यक आहे.

४. पाहुण्याला घरची बोली बोलू द्यावी आणि पालकांना आग्रहाने बोलवावे. शिकणे म्हणजे आपले घर विसरणे नव्हे, हे आईबापांना प्रत्यक्ष दिसावे.

५. मुलींसाठी स्त्रीचे उदाहरण अवश्य असावे.

६. दुसऱ्याच दिवशी प्रत्येक मुलाला झेपेल असे एक छोटे काम द्यावे. एक पान वाचणे, एक अर्ज लिहिणे एवढेही पुरे. कृतीची जोड नसलेली स्फूर्ती आठवडाभरही टिकत नाही.

७. “तो करू शकला, मग तुला काय झाले ?” हे वाक्य कधीही उच्चारू नये. त्याने आदर्शाचा दगड होतो आणि तो मुलाच्याच डोक्यावर बसतो.

आदर्श व्यक्ती वह्या, वसतिगृह, शिष्यवृत्ती किंवा पोटभर अन्न यांची जागा घेऊ शकत नाही. या गोष्टी मिळवून देण्याची जबाबदारी शाळेची व शासनाची राहतेच. तसेच मुलाच्या समोर रोज सहा तास उभा असणारा पहिला आदर्श शिक्षक स्वतःच असतो. तो मुलाचे नाव नीट उच्चारतो काय, त्याच्या वस्तीत जातो काय, गैरहजर असल्यास चौकशी करतो काय, यावरून शाळा आपली की परकी हे मूल ठरविते. त्याने तिला आपली मानले, तर पुढे कधी तरी “कोण होणार ?” या प्रश्नावर ते मान वर करील. आणि आणखी काही वर्षांनी त्याच वर्गात पाहुणा म्हणून येऊन, खाली पाहणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मुलाशी तेच बोलेल.