मनीची नोंद कोणत्या रकान्यात?

शेतीकर्जाच्या प्रकरणात पशुधनाचा एक रकाना असतो. बैलजोडी, दुभती म्हैस, शेळ्या, कोंबड्या यांची त्यात नोंद होते व प्रत्येकाचे मूल्य रुपयांत मांडले जाते. बँकेतील सेवाकाळात असे असंख्य अर्ज माझ्या नजरेखालून गेले. परंतु त्या रकान्यात मांजर कधी आढळले नाही. ते साहजिकही आहे. मांजर दूध देत नाही, नांगर ओढत नाही, बाजारात विकले जात नाही. तरीही कशेडी घाटाच्या परिसरातील, महाड-पोलादपूर तालुक्यांतील क्वचितच एखादे जुने घर असे असेल की जिथे चुलीच्या उबेला मांजर निजलेले नाही.

या सहवासाचे मूळ धान्यात आहे. भाताच्या कणगीपाशी उंदीर येतात आणि उंदरामागे मांजर येते. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनावरून माणूस शेती करू लागला त्या काळापासूनच मांजर त्याच्या जवळ आले, असे दिसते. गाय, घोडा यांना माणसाने बांधून आणले. मांजर बहुधा आपल्या पायांनी आले आणि सोयीचे वाटले म्हणून राहिले. त्यामुळेच त्याच्या स्वभावात दास्य नाही.

स्वार्थी की निष्ठावंत?

‘कुत्रा माणसाचा, मांजर घराचे’ असे आपण सहज म्हणतो. आपल्या म्हणींनीही मांजराला फारसा न्याय दिलेला नाही. ते डोळे मिटून दूध पिते, शिंके तुटले की बोक्याचे फावते आणि आडवे गेले तर कामच अडते! अलीकडील अभ्यास मात्र वेगळे सांगतात. मांजरे इतर शब्दांतून स्वतःचे नाव ओळखतात, असे जपानमधील संशोधकांना २०१९ मध्ये आढळले. त्याच वर्षी अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठाच्या अभ्यासात सुमारे ६४ टक्के पिल्लांचा आपल्या पालकाशी सुरक्षित भावबंध दिसून आला. पालक थोडा वेळ दूर जाऊन परतला की ती निर्धास्त होत. लहान मुलांच्या बाबतीत आढळणारे प्रमाणही साधारण एवढेच आहे.

कोकणातील वृद्धांना हे सांगण्यासाठी विद्यापीठाची गरज नव्हती. या भागातील तरुण पिढी मुंबईला असते. गणपतीला आणि शिमग्याला घरे भरतात, एरवी ओटीवर आजी किंवा आजोबा एकटेच. निवृत्तिवेतनासाठी दरमहा येणाऱ्या एका वृद्ध बाईंना मी एकदा म्हटले, “आजी, बसा जरा, ऊन उतरू द्या.” त्या उत्तरल्या, “नको साहेब. एस्टी चुकली तर मनी उपाशी राहील. दुसऱ्याच्या हातचं ती खात नाही.” त्यांच्या मुलाचा पत्ता मुंबईचा होता. दिवेलागणीला वाट पाहणारे कोणी घरी आहे, ही जाणीव त्यांना त्या मनीने दिली होती.

आपल्या घरातील पेच

जैन कुटुंबात मांजर पाळताना एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. ज्या घरात मुंगीलाही जपले जाते, तिथे उंदीर मारणारा जीव ठेवावा काय? आपल्या आचार्यांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलेले नाही. हेमचंद्राचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत असतीपोषणाचा समावेश आहे आणि तेथे पोपट, कुत्रा आदींबरोबर मांजराचाही उल्लेख येतो. मात्र तो निषेध धनप्राप्तीसाठी केलेल्या पोषणाचा आहे, हे विसरता कामा नये. दुसरीकडे अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जीवाचे अन्नपाणी तोडणे, हा एक अतिचार सांगितला आहे. दारी आलेल्या भुकेल्या पिल्लाच्या बाबतीत ही दोन्ही वचने एकत्र वाचावी लागतात.

त्यात शरीरशास्त्राची भर पडते. मांजर हा स्वभावतःच मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा आवश्यक घटक त्याचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही. तो न मिळाल्यास दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. वनस्पतींतून ‘अ’ जीवनसत्त्व बनवणेही त्याला जमत नाही. म्हणजे केवळ दूधभातावर मांजर वाढवणे ही दया नव्हे. दूधही अनेक प्रौढ मांजरांना पचत नाही. कृत्रिम टॉरिन घातलेले शाकाहारी खाद्य मिळते. परंतु पशुवैद्यांच्या सल्ल्याशिवाय व नियमित तपासणीशिवाय त्यावर विसंबू नये. ज्यांना हे झेपणार नाही, त्यांनी हौसेखातर मांजर आणू नये, हाच प्रामाणिक मार्ग होय. आधीच असलेल्या मांजरांची निर्बीजीकरण शस्त्रक्रिया करून घेणे व त्यांना रेबीजची लस टोचून घेणे, यात मात्र कोणताही धर्मसंकोच नसावा. पिल्ले पोत्यात घालून दूर रस्त्याकडेला सोडून येण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार अपराध आहे.

दरड आणि पूर

या भागात मांजराचा प्रश्न दरवर्षी पावसाळ्यात अधिक गंभीर होतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराने वेढले गेले, तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. एवढ्या मानवी शोकापुढे मांजराची गोष्ट काढणे काहींना अनुचित वाटेल. परंतु तिचा संबंध माणसाच्याच प्राणाशी आहे.

अमेरिकेत २००५ मध्ये कॅटरिना वादळ आले तेव्हा पाळीव प्राण्यांना नेण्याची सोय नसल्याने अनेकांनी घर सोडले नाही आणि जीव धोक्यात घातला. त्यानंतर २००६ साली तेथे कायदा झाला: सुटकेच्या आराखड्यात घरातील पाळीव प्राण्यांचाही विचार झालाच पाहिजे. आपल्याकडे आपत्ती मदतीचे निकष आहेत. २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीच्या केंद्रीय निकषांत दुभत्या गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीमागे ४,००० रुपये, कोंबडीमागे १०० रुपये असे साहाय्य ठरले. मांजराचा उल्लेख तेथेही नाही. पैशाची अपेक्षा कोणी करत नाही. मनीची किंमत घ्यायला त्या आजी गेल्याही नसत्या. पण स्थलांतराची सूचना येताच ‘मनीला सोडून कशी येऊ?’ म्हणून त्या ओटीवरच बसून राहिल्या, तर त्यांच्या जिवाची जबाबदारी कोणाची?

उपाय अवघड नाहीत. दरडप्रवण वाडीतील प्रत्येक मांजरवाल्या घरात हवेशीर, झाकणाची टोपली असावी. तिच्यात मांजराला निजायची सवय पावसाळ्यापूर्वीच लावावी, म्हणजे ऐनवेळी पळापळ होत नाही. नेणे अशक्य असेल तर दारे-खिडक्या बंद करून त्याला आत कोंडू नये. माळ्याकडे किंवा उंचावर जाण्याची वाट मोकळी ठेवावी. निवारा ज्या शाळेत वा सभागृहात असेल तेथे एक खोली प्राण्यांसाठी राखावी. जीवदयेसाठी दरवर्षी निधी काढणाऱ्या आपल्या संघांनी व मंडळांनी गोशाळांबरोबर अशा टोपल्या, लसीकरण व निर्बीजीकरण यांसाठीही थोडा वाटा ठेवावा, अशी विनंती आहे. खर्च फारसा नाही. आणि गावच्या आपत्ती यादीत कुटुंबातील माणसांची संख्या लिहून घेताना कार्यकर्त्याने आणखी एक प्रश्न विचारावा: “आजी, घरात मांजर आहे का?”