उष्णतेवर गार होणारा फ्रिज

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन लोक महिनोन् महिने भटकतात. त्यातल्या अनेक फ्रिजना कॉम्प्रेसरच नसतो. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात आणि सारं चक्र फिरवते ती चक्क उष्णता! पाण्यात विरघळलेला अमोनिया तापला की वायू होऊन वर जातो, निवून द्रव होतो आणि हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वाफ होताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो. फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये ही रचना शोधली. मला ती आजही थक्क करते.

ही उष्णता गॅसच्या ज्योतीतून मिळते किंवा विजेच्या हीटिंग एलिमेंटमधून. गॅसवर फ्रिज गार होतो, विजेवर होत नाही, तर आधी फ्यूज पाहावा, मग एलिमेंट. वीज आणि गॅस बंद करून, सगळं निवल्यावर गाडीच्या बाहेरची जाळी काढावी, एलिमेंटच्या तारा सोडवाव्यात आणि मल्टीमीटर लावावा. 120 व्होल्ट, 300 वॉटचा एलिमेंट सुमारे 48 ओहम दाखवतो. रोध अनंत आला, तर आतली तार तुटलेली आहे. एलिमेंटची कांडी गंजून आपल्या नळीत घट्ट बसते. हिसडा न देता हलकेच फिरवत ओढावी. नवी तेवढ्याच व्होल्ट-वॉटची घ्यावी, जास्त वॉटची मुळीच नको.

मात्र अमोनियाचा उग्र वास आला किंवा नळ्यांवर पिवळी पूड दिसली, तर नळीच फुटली आहे. ती पूड विषारी असते. हात लावू नका, फ्रिज बंद करा आणि जाणकाराला बोलवा.