जुन्या सिंथची जवारी

गेल्या पावसाळ्यात एका ऑर्केस्ट्रावाल्या स्नेह्यांच्या माळ्यावरून यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर खाली उतरवला. धूळ पुसली, वायर लावली, बटण दाबलं. दोन ओळींच्या छोट्या पडद्यावर टोनचं, म्हणजे साठवलेल्या आवाजाचं, नाव यायचं, तिथे निरर्थक चिन्हांची खिचडी आली. पट्टी दाबली तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. ‘‘गेला हा,’’ स्नेही म्हणाले. ‘‘द्या भंगारात.’’

गेला नव्हता. आतली रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी संपली होती.

इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या बाबतीत आपण ही घाई नेहमी करतो. तंबोरा वाजेनासा झाला की तो मेला असं कोणी म्हणत नाही. तारेच्या घासण्याने घोडीवर चरे पडतात, झंकार बसतो. मग तंबोरा मिरजेला जातो, कारागीर घोडी पुन्हा घासतो, तारेखालचं सूत सरकवून पाहतो, आणि आवाज परत उघडतो. जवारी एकदा काढली की जन्माची झाली, असं नसतंच. सिंथलाही जवारी लागते, आणि तीही दोन ठिकाणी: एक शरीराची, दुसरी आवाजाची. कंपनीने उत्पादन थांबवलं की नवे सुटे भाग येणं थांबतं. या दोन जवाऱ्या मात्र मालकाच्या हातात राहतात.

नाण्याएवढं स्मरण

डीएक्स-७ बाजारात आला १९८३ साली. त्याचा पाया त्याआधी सोळा वर्षं घातला गेला होता. १९६७मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग संगणकावर स्वराच्या कंपाशी खेळत होते. आपल्या गायकाच्या आंदोलनासारखा हा कंप त्यांनी वाढवत नेला. तो इतका वेगवान झाला की कानाला हेलकावा ऐकू येईना, त्याऐवजी स्वराचा रंगच बदलला. एका लहरीने दुसरीला हलवायचं, हेच एफएम तंत्र. यामाहाने त्याचे हक्क घेतले आणि प्रत्येक स्वरामागे अशा सहा लहरी, त्या एकमेकींना जोडण्याच्या बत्तीस रचना आणि एका वेळी सोळा स्वर, असं वाद्य घडवलं.

त्याचे बत्तीस टोन ज्या स्मृतीत राहतात ती वीज बंद झाल्यावर बॅटरीवर जगते. बॅटरी ३ व्होल्टची, सीआर-२०३२ नावाची, घड्याळाच्या दुकानातही मिळणारी. अडचण एकच, ती बोर्डावर झाळून टाकलेली असते. वायर काढली, झाकणाचे स्क्रू काढले, जुनी बॅटरी झाळ वितळवून सोडवली आणि तिथे बॅटरीचं छोटं घर बसवलं. पुढच्या वेळी नखानेही निघेल. काम अर्ध्या तासाचं. त्यातली वीस मिनिटं स्क्रू कुठला कुठे होता हे कागदावर मांडण्यात गेली, आणि ती वाया गेली असं मी म्हणणार नाही.

मग टोन परत भरायचे. इथे १९८३ सालची दुसरी देणगी कामी येते: मिडी. प्रॉफेट-५ घडवणारे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. पाच पिनांची ती गोल वायर आजच्या संगणकालाही छोट्या जोडणीतून लागते. यंत्रावरचं स्मृतीचं कुलूप काढायचं, बाहेरून माहिती घेण्याची परवानगी द्यायची आणि संगणकावरून फाइल सोडायची. बत्तीस टोनांची ही फाइल ४,१०४ बाइटची. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, बाइटमागे दहा बिट, म्हणजे सगळा संसार १.३ सेकंदांत आत. पडद्यावर नावं नीट उमटली तेव्हा स्नेही खुर्ची ओढून जवळ बसले. फार स्वस्तातली जोडणी मात्र घेऊ नये, एवढी माहिती एका दमात ओढताना ती मधेच अडखळते.

दुखणी कुठे असतात

जुन्या सिंथची दुखणी ठरलेली असतात. डीएक्स-७ची बॅटरी निदान शांतपणे संपते. कॉर्गच्या पॉलिसिक्समध्ये पुन्हा भरता येणारी बॅटरी असते. ती पाझरते आणि तिचा क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. असा सिंथ विकत घेताना आवाज नंतर ऐकावा, आधी झाकण उघडावं.

रोलँडचा जुनो-१०६, साल १९८४. एका वेळी सहा स्वर. त्याचं दुखणं लक्षात येतं ते सरगम वाजवताना: पाच स्वर नीट उमटतात, सहावा खरखरतो किंवा गप्प राहतो. प्रत्येक स्वरासाठी ८००१७ए नावाची एक चिप आहे, आणि तिच्यावरचं राळेचं आवरणच वर्षानुवर्षांत वीज गळू देऊ लागतं. कारागीर ती चिप काढून काही दिवस अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवतात, आवरण सुटलं की बऱ्याचदा ती पुन्हा गायला लागते. न लागली तर आता नव्याने बनवलेल्या पर्यायी चिप मिळतात.

जेडी-८०० या १९९१च्या रोलँडमध्ये पट्ट्यांखालची वजनं ज्या तांबड्या गोंदाने चिकटवली, तो गोंद उष्णतेने मऊ होऊन खाली ओघळतो आणि पट्ट्या चिकटवून टाकतो. आपल्या मे महिन्यात असं वाद्य पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको.

बाकीची दुखणी सगळ्यांची सारखी. पट्टीखालच्या रबरावरचा कार्बनचा ठिपका मळतो, मग स्वर एकदा लागतो, एकदा नाही. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत हे लवकर होतं. मऊ कापड आणि स्पिरिट एवढ्यावर निम्मी वाद्यं बरी होतात. कपॅसिटर सुकले की गुणगुण वाढते. सरकपट्ट्यांत धूळ जाते. फ्लॉपी ड्राइव्हचा पट्टा सैल पडतो, आणि तो दुरुस्त केला तरी फ्लॉपी आणायची कुठून? सोनीनेही २०११मध्ये त्या विकणं थांबवलं. आता ड्राइव्हच्याच मापाची पेटी मिळते, तिला पेनड्राइव्ह लागतो आणि वाद्याला वाटतं आपण अजून फ्लॉपीच वाचतोय.

जपानातून थेट आलेल्या वाद्याची एक गोष्ट विसरू नये. ते १०० व्होल्टवर चालतं. मी तरुणपणी असं एक मॉड्यूल उत्साहाने सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावलं होतं. एक ठिणगी, जळका वास आणि शांतता. त्या दिवसापासून मागची पाटी वाचल्याशिवाय मी काहीच लावत नाही.

सुटे भाग संपतात ही भीती खरी, पण तीही अर्धीच. जुन्या सिंथमध्ये सरसकट वापरलेली कर्टिस यांची सीईएम-३३४० ही चिप कित्येक वर्षं बंद होती, २०१६मध्ये ती पुन्हा बनू लागली. मागणी टिकली की भागही परत येतात, आणि मागणी टिकते ती वाद्यं वाजत राहिली तरच.

दुसरी जवारी

शरीर बरं झालं तरी अर्धंच काम झालं. डीएक्स-७ म्हातारा वाटू लागला तो बॅटरीमुळे नव्हे, त्याच्या तयार टोनांमुळे. त्याचा इलेक्ट्रिक पियानो ऐंशीच्या दशकातल्या जगभरच्या गाण्यांत इतका वाजला की पहिल्याच स्वराला कान दशक ओळखतो. दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक डीएक्स-७मध्ये कंपनीचेच टोन जसेच्या तसे असत, अशी त्या काळच्या कारागिरांची आठवण आहे. कारणही उघड आहे: एक सरकपट्टी, ढीगभर बटणं, छोटासा पडदा. नवा टोन करणं म्हणजे किल्लीच्या भोकातून घर झाडणं. आज तीच माहिती संगणकाच्या पडद्यावर एका नजरेत मांडणारे मोफत प्रोग्रॅम आहेत. अडचण सुटली, सवय तेवढी राहिली.

म्हणून आम्ही एक टोन करायला बसलो: वारकऱ्यांचा टाळ. एफएमला धातूचा आवाज जमतो, आणि त्याचं गणित साधं आहे. हलवणारी लहर मूळ लहरीच्या पूर्णांक पटीत असेल, दुप्पट, तिप्पट, तर आवाज सुरेल, तारेसारखा किंवा पिपाणीसारखा येतो. पट अपूर्णांकात गेली की घंटा वाजते. सहा लहरींच्या तीन जोड्या होतील अशी पाचवी रचना घेतली. पहिल्या जोडीत १ला १.४१. लगेच देवळातली घंटा आली, पण फार लांबणारी. टाळ कडकडून येतो आणि त्याची धार आधी जाते, मग नाद रेंगाळतो. म्हणून हलवणाऱ्या लहरीचा उतार झटपट केला आणि मूळ लहरीचा सावकाश. आता धातू लागला, पण एकच वाटी वाजल्यासारखा. टाळाच्या दोन वाट्या हुबेहूब एका स्वराच्या नसतात, त्यांच्या भांडणातूनच तो गाजतो. दुसरी जोडी पहिलीसारखीच करून तिचा स्वर केसभर हलवला. तिसऱ्या जोडीला फक्त आघाताचा ‘चक्’ दिला, पट्टी जोरात दाबली तरच ऐकू येईल एवढा.

दीड तास गेला. तो टोन कोणाच्याही यंत्रात नव्हता.

मुंबईतला एक धडा

कंपनीने काय ठरवलं होतं यापेक्षा वाजवणाऱ्याने काय केलं हे वाद्याचं आयुष्य ठरवतं, याचा मोठा दाखला आपल्याकडचाच आहे. हिंदी चित्रपटसंगीतात केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी सत्तरच्या दशकातच सिंथ आणला होता. त्याच वर्तुळातले चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही तीन रोलँड वाद्यं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. टीबी-३०३ कंपनीने काढला होता तो गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. बेसवाल्याची जागा त्याला घेता आली नाही आणि १९८४मध्ये तो बंद पडला. सिंग यांनी मात्र त्यातून मींडेसारखे घसरते स्वर काढले होते. त्यांची तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. १९८७मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच बंद पडलेल्या यंत्रातून ‘अ‍ॅसिड’ नावाचा बाज उभा केला. मग २०१०मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली आणि जग चकित झालं.

आपल्या ऑर्केस्ट्रांत, भजनी मंडळांत, लग्नाच्या मांडवात हेच लहान प्रमाणात चालतं. तिथे कुठल्याही की-बोर्डला ‘कॅसिओ’ म्हणतात आणि आवाजाला ‘टोन’. रोलँडच्या एक्सपी मालिकेतली नव्वदच्या दशकातली वाद्यं बाहेरचा आवाज आत घेत नाहीत, आतल्याच लहरींवर काम भागवावं लागतं. तरी त्यांच्यातून सनई निघते: एका टोनात चार थर बसतात, त्यातला एक नाकातून येणारा, एक श्वासाचा, आणि स्वर थोडा खालून चढत लागेल अशी मांडणी. संबळ, हलगी, तुतारी यांचे टोन करून देणारे लोक आहेत. पुढे रोलँडने एक्सपीएस-१०मध्ये भारतीय वाद्यांचे टोन घालूनच दिले. ही गरज कंपनीला कळली, कारण वाजवणारे ती आधीपासून आपल्या हाताने भागवत होते.

कशासाठी एवढं?

प्रश्न रास्त आहे. या सगळ्या वाद्यांच्या नकला संगणकावर मिळतात, आणि चांगल्या मिळतात. माझं उत्तर हिशेबी आहे. वीस वर्षांपूर्वी विकत घेतलेले माझे संगणकावरचे सिंथ आजच्या संगणकावर उघडतच नाहीत. १९८३चा डीएक्स-७ मात्र एक बॅटरी आणि एक वायर एवढ्यावर उघडला. ज्याची बॅटरी पाझरून अर्धा बोर्ड गेलाय, असं वाद्य मात्र भावनेपोटी घेऊ नये, ते भागांसाठी ठेवावं. उरलेल्यांसाठी पथ्य साधं आहे: वर्षातून दोनदा तरी वाजवणं, पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल, बॅटरी बदलल्याची तारीख झाकणाच्या आत, आणि टोनांची प्रत दोन ठिकाणी.

टाळ तयार झाला तेव्हा स्नेह्यांनी दोन्ही हातांनी ठेका धरून तो बराच वेळ वाजवून पाहिला. नावाला दहाच अक्षरं मिळतात, तीही रोमन. त्यांनी ‘आळंदी १’ असं नाव दिलं. मग मान हलवली. ‘‘बरा आहे. पण दिंडीत शंभर टाळ असतात, हा एकटा पडतो. पुढच्या रविवारी या.’’

म्हणजे घोडी पुन्हा घासायची. यंत्र बंद करण्याआधी बत्तीसही टोन संगणकावर उतरवून घेतले. सव्वा सेकंद लागला.