कार्बनचा आकडा

आपल्या शरीरातला कार्बनचा प्रत्येक अणू कुठल्या ना कुठल्या ताऱ्याच्या पोटात शिजलेला आहे. पण तो शिजतो कसा, हे बराच काळ कोडं होतं. हेलियमची दोन केंद्रकं एकमेकांवर आदळली की बेरिलियम-8 तयार होतं आणि सेकंदाच्या अब्जांशाच्या जेमतेम कोट्यंशात फुटतं. तेवढ्यात तिसऱ्या हेलियमने येऊन चिकटायचं! या हिशेबाने विश्वात कार्बन नावापुरताच असायला हवा.

1953 साली फ्रेड हॉइल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने गणित उलटं मांडलं. कार्बन तर भरपूर आहे. म्हणजे त्याच्या केंद्रकात 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे. ती असेल तर हे तिघांचं जमणं कितीतरी पटींनी सोपं होतं. कॅलटेक या अमेरिकी संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम फाउलर यांना आधी हे पटेना. तिथल्याच वॉर्ड व्हेलिंग यांच्या गटाने प्रयोग केला, आणि पातळी सापडली. ताऱ्यांकडे बघून अणूच्या गाभ्याचं भाकीत!

खरी गंमत पुढेच आहे. कार्बनला आणखी एक हेलियम चिकटलं की ऑक्सिजन होतो. तिथेही अशी सोयीची पातळी असती, तर बहुतेक कार्बन ऑक्सिजन होऊन संपला असता. कार्बन आणि हेलियम यांची मिळून ऊर्जा त्याच एककात भरते 7.16, आणि ऑक्सिजनची पातळी आहे 7.12 वर. केसभर खाली. म्हणून दोन्ही शिल्लक राहिले.

एरवी नास्तिक असलेला हॉइलही हे पाहून हादरला. भौतिकशास्त्रात कुणा महाबुद्धीने ढवळाढवळ केलेली दिसते, असं तो म्हणू लागला. मला इतकी उडी मारवत नाही. 1989 मध्ये मारिओ लिव्हिओ आणि सहकाऱ्यांनी कार्बनची ती पातळी 0.06 ने वर सरकवून ताऱ्यांचं गणित केलं, तरी कार्बन फारसा घटला नाही. फट आहे, पण वाटली तेवढी अरुंद नाही.

पृथ्वीवर जीव आपोआप जुळून आला, हेही हॉइलला पटत नसे. तो अंतराळातून आला, असं त्याचं आणि त्याचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं. हॉइलचे कोल्हापूरचे शिष्य जयंत नारळीकर यांनी मात्र ही कल्पना तपासायला घेतली. जानेवारी 2001 मध्ये हैदराबादहून बलून सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली गेली. तीत सूक्ष्मजीव मिळाले. ते वरून उतरलेले की खालून चढलेले, हा वाद तेव्हापासून चालूच आहे. आणि वरून आले असं धरलं, तरी वर ते कसे जन्मले हे सांगायचं राहतंच.