मायेलाची साक्ष

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही १९६० सालची कादंबरी. तिचं कौतुक होतं ते ॲटिकस फिंच या वकिलामुळे. गावाचा रोष पत्करून हा गोरा वकील टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुराचा खटला लढवतो. मला मात्र पुस्तक मिटल्यावर आठवत राहते ती मायेला, टॉमवर बलात्काराचा खोटा आळ घेणारी गोरी मुलगी.

गोष्ट घडते १९३० च्या दशकात, अलाबामा राज्यातल्या एका काल्पनिक छोट्या गावात. मायेला एकोणीस वर्षांची. आई नाही, बाप दारुडा, सात भावंडांचं सगळं हिच्या गळ्यात. घर उकिरड्याला लागून. त्या अंगणातही हिनं टवके उडालेल्या भांड्यांत लाल फुलझाडं जपलेली! तिच्याशी माणुसकीनं वागणारा एकटा टॉम. एक दिवस तीच त्याला जवळ घ्यायला जाते आणि बाप ते खिडकीतून पाहतो. टॉम पळून जातो, मार खाते मायेला. आळ येतो टॉमवर.

कोर्टात खोटेपणा उघडा पडतो. मार तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. बाप डाव्या हाताने सही करतो. टॉमचा डावा हात तर लहानपणीच कापसाच्या जिनात अडकून निकामी झालेला. डॉक्टरला कुणी बोलावलेलंच नाही. तरी ज्यूरीतले गोरे पुरुष टॉमला दोषी ठरवतात. मायेलाची मला दया आली, असं तो साक्षीत बोलून गेलेला असतो. काळ्या माणसानं गोऱ्या बाईची कीव करायची? ते कुणाला सहन होत नाही.

हे नुसतं कल्पनेतलं नाही हं. १९३१ साली अलाबामातच स्कॉट्सबरो इथे नऊ काळ्या मुलांवर दोन गोऱ्या तरुणींनी असाच आरोप केला. त्यातल्या रूबी बेट्सनं १९३३ मध्ये भर कोर्टात सांगितलं, असं काही घडलंच नव्हतं. तरीही ज्यूरीनं शिक्षाच सुनावली! म्हणजे गोऱ्या बाईचा शब्दही मोलाचा कधी, तर तो गोऱ्या पुरुषांना हवा तसा असेल तेव्हाच. त्या राज्यात बायकांना ज्यूरीत बसायलाही मनाई होती. ती बंदी न्यायालयानं रद्द ठरवली थेट १९६६ मध्ये.

मैत्रिणींनो, महिलांच्या तक्रारी ऐकण्याचं काम मी करते. बहुतेक जणी खरं सांगायलाच घाबरतात, खोटं रचून सांगणं दूरच. पण शेजारी बाप किंवा नवरा बसला की उत्तर देण्याआधी बाईची नजर त्याच्याकडे वळते, हे मी कितीदा पाहिलंय. म्हणून तिच्याशी आधी एकटीशी बोलायचं, हा आमचा नियम. मायेलाला असं कुणी विचारलंच नाही. तिच्या खोट्याला क्षमा नाही, कारण त्यात टॉमचा जीव गेला. कैदेतून पळताना पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी तो मरतो. पण ते खोटं तिच्याकडून वदवून घेणारा बाप आणि ते सोयीचं म्हणून खरं मानणारे बाकीचे, त्यांना कोण शिक्षा करणार?

पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. घरातल्या मुलांनाही वाचायला द्या.